रिकामा चौकोन म्हणजे मोकळा वेळ? ऑफिसचं ऑनलाइन कॅलेंडर कसं वापरायचं

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर काय' आणि मध्येच वाजलेला भंगारवाल्याचा भोंगा गाळला आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यात काय बोलण्यासारखं आहे? ऑफिसचं ऑनलाइन कॅलेंडर. मीटिंगची वेळ आली की फोन टिंग करतो, आपण लिंकवर बोट ठेवतो, झालं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एक प्रसंग घडला, आधी तो सांगतो.

मी पुण्यात एका टीमचं काम बघत होतो. बारा माणसं. रोजची एक मीटिंग, आठवड्याच्या दोन-तीन, आणि अधूनमधून उगवणाऱ्या वेगळ्याच. दुपारी एक ते दोन या वेळात सगळ्यांची कॅलेंडरं मोकळी दिसायची, म्हणून मी बिनधास्त एकच्या मीटिंगा लावायचो. (जेवणाच्या वेळेला, हो. त्याचीही लाज वाटते आता.) टीममधली एक सहकारी त्यातल्या निम्म्या मीटिंगांना 'नो' म्हणायची, कारण न देता. कधी यायची तर कॅमेरा बंद, मागे गाड्यांचे हॉर्न. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात मी लिहून टाकलं, 'उपलब्धता कमी'. त्यावर ती बोलायला आली तेव्हा कळलं, की तिच्या वडिलांचं आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस असतं. सकाळी सोडायचं, साधारण चार तासांनी, म्हणजे दुपारच्या सुमारास, घ्यायला जायचं. ती पहाटे आणि रात्री बसून काम भरून काढत होती. मी विचारलं, अगं मग कॅलेंडरवर का टाकलं नाहीस? ती म्हणाली, "सगळ्यांना दिसलं असतं ना, बाबांचं."

सगळ्यांना दिसलं नसतं. ते झाकायची सोय त्याच कॅलेंडरात होती. तिला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही धड माहीत नव्हतं. तिचं वर्ष त्यात गेलं.

तर आज आपण हेच बघणार आहोत. उदाहरण म्हणून गूगल कॅलेंडर घेतो, कारण ते बहुतेकांच्या हाताखालचं आहे. आउटलुकवाल्यांनी रुसू नये, जिथे फरक आहे तिथे सांगेन.

भिंतीवरचं कॅलेंडर आणि हे कॅलेंडर

आपण मराठी माणसं कॅलेंडर वापरायला शिकलो ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर. कालनिर्णय १९७३ पासून घराघरात आहे, आणि त्यावर तिथी-वार बघण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे चौकोनात लिहिणं. दूध दीड लिटर. गॅस लावला. कामवाल्या मावशींचा खाडा. त्या चौकोनात काही लिहिलं नसेल तर त्याचा अर्थ एवढाच, की लिहिण्यासारखं काही नव्हतं. तो दिवस रिकामा होता असं कुणी म्हणत नाही. ते कॅलेंडर आपण आपल्यासाठी लिहितो, आणि वाचणारेही घरचेच.

ऑफिसच्या कॅलेंडरात हे उलटं होतं. तिथला तुमचा रिकामा चौकोन दुसरंच कुणीतरी वाचतं, आणि ते 'मोकळा' असंच वाचतं. तुम्ही काही न लिहूनसुद्धा एक निरोप देऊन ठेवलेला असतो : या, बसा. माझ्या सहकारी बाईंनी काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून माझ्या पडद्यावर त्या दुपारी एक वाजता मोकळ्या होत्या. यंत्राला डायलिसिस कसं कळणार?

दुसऱ्यांना नक्की काय दिसतं?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळा घोळ इथेच आहे.

कॅलेंडर दुसऱ्याला दाखवण्याच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खालची पायरी म्हणजे फक्त 'फ्री' की 'बिझी' एवढंच. समोरच्याला तुमच्या दिवसात राखाडी पट्टे दिसतात, पट्ट्यात काय आहे ते दिसत नाही. त्याच्या वरची पायरी म्हणजे सगळा तपशील : नाव, जागा, कोण कोण येणार. आणखी वर गेलात तर समोरच्याला तुमच्या कॅलेंडरात बदलही करता येतात. साहेबांचे स्वीय सहायक असतात ना, त्यांना ही वरची पायरी दिलेली असते. तुमच्या कंपनीत सगळ्यांसाठी मूळ पायरी कोणती ठेवायची ते तिथला ॲडमिन ठरवतो. म्हणून आज एक काम करा. सेटिंगमध्ये तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरच्या नावावर जा आणि प्रवेशाच्या परवानग्या एकदा वाचा. 'ऑफिसातल्या सगळ्यांना सगळा तपशील' अशी खूण असेल, तर तुमची 'दातांचे डॉक्टर, ५:३०' ही नोंद हिशोब खात्यातल्या मंडळींनाही दिसते आहे.

आता त्यावरचा उपाय. प्रत्येक नोंदीला स्वतःची वेगळी दृश्यता देता येते. नोंद उघडली की खाली 'डिफॉल्ट व्हिजिबिलिटी' असं लिहिलेलं असतं, तिथे 'प्रायव्हेट' निवडायचं. मग कॅलेंडर सगळ्यांना तपशिलासकट दिसत असलं, तरी त्या एका नोंदीच्या जागी बाकीच्यांना नुसतं 'बिझी' दिसेल. आउटलुकमध्येही कुलपाचं चिन्ह असलेलं 'प्रायव्हेट'चं बटण आहे. हवं होतं ते एवढंच. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेबारा ते दोन, दर आठवड्याला, प्रायव्हेट. तिला नोंद करायला मिनिट लागलं नसतं, आणि माझ्या पडद्यावर राखाडी पट्टा आला असता.

पण एक सावधगिरी. ज्याला तुम्ही तुमच्या कॅलेंडरात बदल करायची परवानगी दिली आहे, त्याला गूगलमध्ये प्रायव्हेट नोंदीचा तपशीलही दिसतो. तेव्हा ती वरची पायरी कुणाला दिली आहे, हे आठवत नसेल तर बघून घ्या. जुने साहेब बदलून गेले, त्यांच्या सहायकाकडे परवानगी मात्र राहून गेली, असं होतं.

आणि मुळात नोंदीला नाव काय द्यायचं हे तुमच्या हातात आहे. 'बाबा' एवढंच लिहिलं तरी तुम्हाला कळतं. कारण देणं बंधनकारक नाही. कॅलेंडरला कारण लागत नाही, त्याला फक्त वेळ लागते.

दिवसभराच्या नोंदीचा सापळा

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट, जी मी स्वतः तीन वेळा चुकलोय. समजा तुम्ही गणपतीला गावी जाणार, तीन दिवस रजा. तुम्ही कॅलेंडरात वर, जिथे दिवसभराच्या नोंदी दिसतात तिथे लिहिलंत, 'रजा – कोकण'. छान हिरवी पट्टी आली. तुम्ही निर्धास्त. आणि दुसऱ्या दिवशी संगमेश्वरच्या पुढे रेंज आल्यावर बघता तर तीन मीटिंगा येऊन पडलेल्या.

का? कारण दिवसभराची नोंद केली, की ती आपोआप 'फ्री' म्हणून धरली जाते. गूगलमध्येही आणि आउटलुकमध्येही. यामागे विचार आहे. दिवसभराच्या नोंदी बहुतेकदा वाढदिवस, सण, 'आज शेवटची तारीख' अशा असतात, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला तुम्ही दिवसभर बिझी नसता. पण रजेला तसं चालत नाही. म्हणून रजा टाकताना 'फ्री'चं 'बिझी' करायचं. किंवा सरळ 'आउट ऑफ ऑफिस' हा प्रकार निवडायचा, तो ऑफिसच्या खात्यात मिळतो. त्यात त्या काळात येणाऱ्या मीटिंगा तुमच्या वतीने आपोआप नाकारायची सोय आहे. सोबत निरोपही जातो.

याचीच उलटी चूक म्हणजे आपली रजा सगळ्या टीमला कळावी म्हणून सगळ्यांना 'मी रजेवर' असं इन्व्हाइट पाठवणं, आणि तेही 'बिझी' ठेवून. आता तुमच्या रजेच्या तीन दिवसांत सगळी टीम बिझी! आमच्याकडे एकदा चार जणांची अशी इन्व्हाइट्स एकाच आठवड्यात आली होती. त्या आठवड्यात कुणालाच मीटिंग लावता येईना. एका अर्थी तो वर्षातला सगळ्यात सुखाचा आठवडा होता, पण ते जाऊ दे. टीमला कळवायचं असेल तर ते इन्व्हाइट 'फ्री' ठेवा, आणि स्वतःसाठी वेगळी 'बिझी' नोंद करा.

मीटिंग लावणाऱ्याने काय बघायचं

आता दुसऱ्या बाजूला येऊ. म्हणजे माझ्या बाजूला.

सहा जणांची मीटिंग ठरवायची असेल तर आपण काय करतो? ग्रुपवर टाकतो, "उद्या कधी जमेल?" मग एक जण म्हणतो चार, दुसरा म्हणतो चारनंतर, तिसरा अंगठा दाखवतो, कशाला ते कळत नाही. चौथा रात्री अकराला लिहितो, "सॉरी, आत्ता बघितलं." या सगळ्याची गरज नाही. गूगल कॅलेंडरमध्ये नवी नोंद संगणकावर पूर्ण उघडा, माणसांची नावं घाला आणि 'फाइंड अ टाइम' या टॅबवर जा. सहाही जणांचे दिवस शेजारी-शेजारी उभे राहतात आणि कुठे सगळ्यांचा पांढरा भाग जुळतो ते डोळ्यांना दिसतं. आउटलुकमध्ये यालाच 'शेड्युलिंग असिस्टंट' म्हणतात. अट एकच, की त्या माणसांची कॅलेंडरं निदान फ्री-बिझीपुरती तुम्हाला दिसली पाहिजेत. बाहेरच्या कंपनीतल्या माणसाचं बहुधा दिसत नाही, त्याला विचारावंच लागतं.

ज्याचं येणं आवश्यक नाही त्याला 'ऑप्शनल' करा. हे बटण फार कमी जण वापरतात. नावासमोर एक छोटं माणसाचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की तो पाहुणा ऐच्छिक होतो. त्याला कळतं, की नाही आलो तरी चालेल. आपल्याकडे मीटिंगला न बोलावणं हा अपमान असतो आणि बोलावणं ही शिक्षा असते. 'ऑप्शनल'मध्ये दोन्ही टळतं.

ऑफिसात मीटिंगच्या खोल्या कॅलेंडरला जोडलेल्या असतील तर खोलीलाही पाहुण्यासारखं बोलवायचं. खोली मोकळी असेल तर ती स्वतःच 'येस' म्हणते, नसेल तर 'नो'. हे उत्तर बघायला विसरू नका. माणसं आली आणि खोलीने नकार दिला होता, हे दृश्य मी पाहिलंय. आठ जण कॅन्टीनच्या टेबलाभोवती लॅपटॉप घेऊन, वडा-सांबारच्या वासात.

आणि नाव. 'कॅच-अप', 'डिस्कशन', 'क्विक कॉल' ही नावं नव्हेत. 'जानेवारीच्या बिलांतला फरक : काय कळवायचं ते ठरवणं' हे नाव आहे. वर्णनाच्या चौकटीत दोन ओळी आणि लागणाऱ्या फाइलची लिंक टाका. मला अशी इन्व्हाइट्स आली की मी तयारी करून जातो. 'क्विक कॉल' आलं की पोटात गोळा येतो, कुणी नोकरी सोडतंय की काय.

माझा साडेआठचा कॉल

आता वेळेचा भाग. म्हणजे घड्याळाचा. पुण्या-मुंबईत, हिंजवडीत, ऐरोलीत बसून परदेशी टीमबरोबर काम करणाऱ्यांनी इथे कान द्या.

आमचा न्यूयॉर्कच्या ग्राहकाबरोबर दर सोमवारी कॉल असायचा. त्यांचे सकाळचे दहा, आपले रात्रीचे साडेआठ. सगळा हिवाळा तो साडेआठला झाला. माझ्या अंगात इतका मुरला, की मी कॅलेंडर बघणंच सोडलं. साडेआठ म्हणजे साडेआठ. मार्चमधल्या एका सोमवारी मी आठ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी लॅपटॉप उघडला तेव्हा कॉल होऊन तासाभराच्या आत संपलेला होता. त्या दिवशी आमच्याकडून काम दाखवायचं होतं. समोरचे पाच जण पंधरा मिनिटं वाट बघून गेले. त्यांचं पत्र अगदी सभ्य होतं, आणि ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

झालं काय होतं? अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आपल्याकडे असं काही होत नाही, भारतीय प्रमाणवेळ वर्षभर एकच. त्यामुळे न्यूयॉर्क आणि आपल्यातलं अंतर हिवाळ्यात साडेदहा तास असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यांचे दहा ते दहाच राहिले, माझे साडेआठ मात्र साडेसात झाले. माझ्या कॅलेंडरने ते बरोबर दाखवलं होतं. फोनने आठवणही दिली असणार, पण मी तेव्हा भाजी आणायला गेलो होतो.

इथे समजून घ्यायची गोष्ट अशी, की पुन्हा पुन्हा होणारी मीटिंग कोणत्या तरी एका गावाच्या घड्याळाला बांधलेली असते. नोंद करताना वेळेच्या शेजारी टाइम झोन निवडायची जागा असते. तिथे काही केलं नाही, तर तुमचा स्वतःचा झोन धरला जातो. त्या ग्राहकाने मीटिंग बनवली होती, म्हणून ती न्यूयॉर्कला बांधलेली होती. तीच मी बनवली असती, रात्री साडेआठ, भारतीय वेळ, तर मार्चमध्ये ती आपल्याकडे साडेआठलाच राहिली असती, आणि तिकडे दहाची अकरा झाली असती. यात बरोबर-चूक काही नाही. पण घड्याळ कुणाचं धरायचं हे मीटिंग बनवतानाच विचारून ठरवावं, आणि तोच झोन निवडावा.

लंडनही जोडीला असेल तर आणखी गंमत. युरोपात घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. म्हणजे २०२६ साली अमेरिका ८ मार्चला बदलणार आणि लंडन २९ मार्चला. मधले तीन आठवडे दोघांमधलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चार होतं. न्यूयॉर्कच्या दहाला जो लंडनकर एरवी दुपारी तीनला येतो, त्याला या तीन आठवड्यांत दोनला यावं लागतं. शरद ऋतूत असा गोंधळ फक्त आठवडाभर, २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. आणि तुमचे सहकारी ॲरिझोनात फिनिक्सला असतील तर तिथे घड्याळ बदलतच नाही. त्यांचं आपलं अंतर बारा महिने साडेबारा तास. भाग्यवान लोक.

मी त्या दिवसानंतर दोन गोष्टी केल्या. सेटिंगमध्ये दुसरा टाइम झोन दाखवायची सोय आहे, ती चालू केली. आता माझ्या कॅलेंडरात डावीकडे दोन घड्याळं शेजारी-शेजारी दिसतात. आणि मार्चच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी नऊला दरवर्षी येणारी एक नोंद टाकली, तिचं नाव 'साडेआठ नव्हे'.

मीटिंग कुणाच्या मालकीची?

तांत्रिक भाग थोडा, कंटाळू नका. तुम्ही गूगलवरून इन्व्हाइट पाठवलं आणि समोरचा आउटलुक वापरत असेल तरी ते त्याच्या कॅलेंडरात बरोबर बसतं. हे कसं होतं? आयकॅलेंडर नावाचा एक सामायिक मसुदा आहे, १९९८ साली ठरलेला, पुढे २००९ मध्ये सुधारलेला. ई-मेलला कधी कधी 'डॉट आयसीएस' नावाची फाइल जोडलेली दिसते, ती हीच. त्या मसुद्यात प्रत्येक मीटिंगला एक आयोजक असतो आणि बाकीचे पाहुणे. मूळ प्रत आयोजकाची, बाकीच्यांकडे नकला.

यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात.

एक, तुम्ही पाहुणे असाल आणि मीटिंग तुमच्या कॅलेंडरात माऊसने ओढून चारची पाच केलीत, तर आयोजकाने बदलाची परवानगी दिलेली नसल्यास ती फक्त तुमच्याकडे पाच होते. बाकीचे चारला येऊन बसतात. वेळ बदलून हवी असेल तर 'प्रपोज अ न्यू टाइम' वापरा, म्हणजे विनंती आयोजकाकडे जाते. तो हो म्हणेपर्यंत जुनीच वेळ खरी.

दोन, आयोजक म्हणून तुम्ही वेळ बदललीत की गूगल विचारतं, पाहुण्यांना कळवू का? घाईत आपण 'डोंट सेंड' दाबतो. मग गूगल वापरणाऱ्यांच्या कॅलेंडरात नोंद गुपचूप सरकते, पत्र काही जात नाही. दुसरं कॅलेंडर वापरणाऱ्याकडे बदल पोहोचेलच याचा भरवसा नाही. स्पेलिंग सुधारलं असेल तर ठीक. वेळ, तारीख, जागा बदलली असेल तर पत्र पाठवाच.

तीन, आयोजक नोकरी सोडून जातो तेव्हा त्याच्या मीटिंगा पोरक्या होतात. दिसतात, पण त्या बदलायला हक्काचं कुणी नसतं. निरोप समारंभाचा केक कापण्याआधी त्याला बसवून प्रत्येक चालू मीटिंगचा मालक बदलून घ्या. गूगलमध्ये नोंदीच्या तीन टिंबांच्या यादीत 'चेंज ओनर' आहे.

आणि इन्व्हाइट आल्यावर उत्तर द्या हो. येस, नो, मेबी, काहीतरी. 'नो' म्हणताना एक ओळ लिहायची जागाही तिथेच असते. "त्या वेळी जमत नाही, तीननंतर चालेल." कारण सांगायची गरज नाही, पण पर्याय दिला की नकार टोचत नाही. माझ्या सहकारी बाई हे करत नव्हत्या, आणि मीही कधी विचारलं नाही.

अपॉइंटमेंट देणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात सांगलीहून एका सीए ताईंनी विचारलं होतं. जुलै आला की रिटर्न भरणाऱ्यांचे फोन सुरू. "ताई, कधी येऊ?" दिवसाला तीस-चाळीस फोन नुसत्या वेळ ठरवण्याचे. त्यांना पगारी माणूस ठेवणं परवडत नाही आणि काम करताना फोन उचलणंही.

ताई, तुमच्यासाठी गूगल कॅलेंडरात 'अपॉइंटमेंट शेड्युल' आहे. साध्या मोफत खात्यावरही असं एक बुकिंगचं पान बनवता येतं. तुम्ही एकदाच ठरवायचं, की सोमवार ते शुक्रवार चार ते सात, प्रत्येकी अर्धा तास. मग एक लिंक मिळते. ती व्हॉट्सॲपवर पाठवायची. समोरचा माणूस पान उघडतो, मोकळ्या वेळांपैकी एक निवडतो, नाव आणि ई-मेल टाकतो, आणि तुमच्या कॅलेंडरात नोंद होते. त्याच्याकडे गूगल खातं असायलाच हवं असं नाही.

पण नुसतं बनवून चालणार नाही. चार गोष्टी नीट भरा. दोन भेटींच्या मध्ये किती वेळ सोडायचा ती जागा असते, तिथे दहा-पंधरा मिनिटं घाला. गिऱ्हाईक उठताना "जाता जाता एक विचारायचं होतं" म्हणतंच, त्या प्रश्नाचा वेळ धरा. दिवसाला जास्तीत जास्त किती भेटी, तेही लिहा, नाहीतर मूळ काम कधी करणार? कमीत कमी किती तास आधी बुक करायचं ते ठेवा, म्हणजे साडेतीनला बुक करून चारला कुणी दारात उभं राहणार नाही. आणि फॉर्ममध्ये एक प्रश्न जोडा : 'सोबत कोणते कागद आणणार?' फॉर्म सोळा कुणाकडे, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र कुणाकडे, हे आधी कळलं की अर्धी भेट वाचते.

हे पान तुमचं कॅलेंडर बघून 'बिझी' वेळा आपोआप वगळतं. म्हणजे पुन्हा तेच. मुलीच्या शाळेची पालकसभा तुम्ही कॅलेंडरात टाकली नसेल, तर त्या वेळेला कुणीतरी रिटर्न घेऊन येणार.

वयस्कर गिऱ्हाइकांना लिंक जमणार नाही हे खरं. त्यांच्यासाठी फोन चालूच ठेवा, पण फोनवर ठरलेली वेळही लगेच त्याच कॅलेंडरात लिहा. दोन वह्या ठेवल्या की दोन माणसं एका खुर्चीवर आलीच.

थोडं किरकोळ

सेटिंगमध्ये 'स्पीडी मीटिंग्ज' असं काहीतरी दिसेल. ते चालू केलं की अर्ध्या तासाची मीटिंग आपोआप २५ मिनिटांची होते आणि तासाची ५०. पाठोपाठ चार कॉल असणाऱ्यांना पाणी प्यायला आणि बाथरूमला जायला एवढं पुरतं.

अनोळखी पत्त्यांवरून लॉटरीची, क्रिप्टोची इन्व्हाइट्स कॅलेंडरात येऊन बसत असतील, तर आलेली इन्व्हाइट्स कुणाकडून आपोआप घ्यायची हे बदला. 'ओळखीच्या पाठवणाऱ्याकडूनच' असा पर्याय आहे. आणि त्या नोंदीतल्या लिंकवर अजिबात क्लिक करू नका.

एक प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच सांगतो. घरचं आणि ऑफिसचं कॅलेंडर एकच ठेवावं का? मी म्हणतो, खाती वेगळी ठेवा. ऑफिसचं खातं ऑफिसच्या मालकीचं असतं, नोकरी सुटली की त्यातली मुलांच्या लसीकरणाची तारीखही जाते. पण ऑफिसच्या वेळेत येणारं घरचं काम ऑफिसच्या कॅलेंडरात 'बिझी' आणि 'प्रायव्हेट' म्हणून आलंच पाहिजे. तपशील घरच्यात, पट्टा इकडे.

आता त्या सहकारी बाईंचं काय झालं, असं रेकॉर्डिंगच्या आधी आमच्या संपादकांनी विचारलं. मूल्यमापन मी बदलून घेतलं. पूर्ण नाही, कारण तोवर ते वर गेलेलं होतं, आणि त्या वर्षीची वाढ जी कमी मिळाली ती मिळाली. त्यांनी तो साडेबारा ते दोनचा पट्टा त्याच दिवशी टाकला. पुढच्या आठवड्यात बघतो तर टीममधल्या आणखी चार जणांच्या कॅलेंडरांत निरनिराळ्या वेळांना असे राखाडी पट्टे आले होते. कशाचे ते मी विचारलं नाही. एकच्या मीटिंगा मात्र सगळ्या सकाळी अकराला नेल्या.

तुमच्या ऑफिसात कॅलेंडरचे काय घोळ झालेत ते आम्हाला लिहून पाठवा, नावगाव न देता चालेल. पुढच्या भागात बोलू सामायिक फाइलींबद्दल, म्हणजे 'फायनल', 'फायनल दोन' आणि 'खरंच फायनल' यांबद्दल. तोवर नमस्कार!